डोळ्यांतल्या बाहुल्या

कन्हेरीत जोतीरामआबांच्या दारात लेकीचं, श्रेयाचं लग्न होतं. निरवांगीहून वऱ्हाड निघालं होतं आणि नवरीचा भाऊ रणजित सकाळपासून गायब होता. आबा घडीघडीला वाटेकडं बघत होते.

गेल्या वर्षी कंपनीत असताना, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पोरगं कसल्याशा पावडरीच्या नादी लागलं. कुठंतरी चोरून रसायनं कालवून केलेली. कातडीखाली किडे वळवळतात म्हणत हात रक्ताळेपर्यंत खाजवायचं. बाहुल्या अशा पसरायच्या की डोळा नुसता काळा दिसायचा, ऊन सोसायचं नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी त्याला बरं केलं. आबांचा धसका मात्र गेला नव्हता.

तेवढ्यात रणजित आला. अंगात नुसतं बनियन, हातांवर ओरखडे, डोळे लालभडक.

"कुटं हुतास?"

"मांडवाच्या दाराला बांधाया ऊस तोडत हुतो, डोळ्यांत कुसं गेली. नवा शर्ट फाटंल म्हून काढून ठिवला."

उसाची पाती कातडी चिरतात, पानांवरची बारीक कुसं अंगात घुसतात; उघड्या हातांनी उसात शिरायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आबांना ही शुद्ध थाप वाटली. गेल्या वर्षी अशा थापा त्यांनी रोज ऐकल्या होत्या.

"खरं सांग, न्हायतर मांडवात येऊ नको. कान पिळाया चुलतभावाला हुबा करतो."

बहिणीला नीट नांदव, असं नवरदेवाचा कान पिळून बजावायचा मान सख्ख्या भावाचा. रणजितचा चेहरा उतरला, पण त्यानं वाद घातला नाही. बापाला भर उन्हात नेलं आणि डोळे ताणून उभा राहिला.

"बगा. डॉक्टरांनी दावलं हुतं न्हवं? नशेत बाहुली उन्हातबी बारीक व्हत न्हाय."

आबा वाकले, पण त्यांचेच डोळे भरून आले. "बगितलं," ते म्हणाले.

"न्हाय बगितलं तुमी. डोळं पुसा आन पुन्हा बगा."

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. लालभडक डोळ्यांत दोन्ही बाहुल्या मोहरीएवढ्या आक्रसल्या होत्या. आबांनी पोराला कवटाळलंच. त्याच्या अंगावरची उसाची कुसं त्यांनाही टोचली, आणि मग अक्षता पडेपर्यंत बापलेक दोघंही खाजवत होते. पाहुण्यांना वाटलं, आबांना झालंय तरी काय. आबांना नुसतं हसू फुटत होतं.

कान पिळायची वेळ आली. रणजितनं नवरदेवाचा कान हलकेच धरला आणि बापाकडं पाहिलं.

"पीळ चांगला," आबा गर्दीतून ओरडले. "तुझाच मान हाय त्यो."