तोंड माह्याकडं ठेवा

इंद्रभानच्या डोक्यात एकदा एखादं खूळ शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. त्यात पुण्याहून दिवाळीला आलेल्या पोरानं, हरीओमनं, बरोबर ती हवेची फळी आणलेली. पंपानं हवा भरायची, फळी पाण्यावर टाकायची, वर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या वल्ह्यानं पाणी मागं ढकलत जायचं. हरीओमनं बापाला केशरी जाकीट चढवून धरणावर शिकवलं आणि परत जाताना फळी घरीच ठेवून गेला. साठीतल्या माणसाच्या हाती असलं काही द्यावं का? पण पोरगंही बापावरच गेलेलं.

पुसाच्या थंडीत त्याची बायको चतुराबाई तापानं पडली. ताप उतरला, पण तोंडाला चव म्हणून येईना. एका सांजेला ताट बाजूला सारत ती सहज बोलून गेली, "टेकाडावरची बोरं असती तं खाल्ली असती मी."

टेकाड म्हणजे धरणात गेलेल्या जुन्या गावाचा उरलेला उंचवटा. आता त्याच्या चारी बाजूंना पाणी आणि वर एकटी बोर. इंद्रभान मान खाली घालून जेवत राहिला. बायकोचं बोलणं या माणसाच्या एका कानातून शिरतं नि दुसऱ्यातून जातं, असं चतुराबाईचं जन्माचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपेतून उठली तेव्हा वाऱ्यानं दार आपटत होतं. खुंटीवर जाकीट नव्हतं आणि कोपऱ्यात फळीही नव्हती. शाल गुंडाळून ती तशीच धरणाकडं निघाली. वारा गावाकडून पाण्याकडं सुटला होता, पाठीत हात घालून ढकलल्यासारखा.

काठावर बाया गोधड्या धूत होत्या. दूर पाण्यावर केशरी ठिपका दिसला. टेकाडावरून परत येत होता आणि अजूनही ताठ उभा! दोन हात पुढं यायचा, की वाऱ्याचा झोत त्याला तीन हात मागं न्यायचा. फळीचं तोंड भरकटायचं, तो डगमगायचा, पुन्हा ताठ व्हायचा. मासे धरणाऱ्यांची नाव आज पार पलीकडच्या काठाला. इंद्रभानला पोहता यायचं, पण ते विहिरीपुरतं.

"अवोऽ! खाली बसा!" चतुराबाई ओरडली.

त्यानं मान वर केली नाही.

"काकू, इथं आमी साऱ्याच अवो म्हनतो," एक बाई गोधडी पिळत म्हणाली. "त्यायले काय कळते कोन कोनाले बलावून राह्यलं?"

खरंच होतं. त्याच्या हिशेबी ती घरी अंथरुणात होती. आणि नाव तर तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं, तेही तेव्हा पुटपुटत. बँकेतसुद्धा साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीला कोपर मारायची.

तेवढ्यात मोठा झोत आला आणि फळी आडवी फिरली.

"इंद्रभाऽन!"

गोधड्यांची आपटाआपट थांबली. तिकडं त्यानं चमकून काठाकडं पाहिलं आणि मटकन गुडघ्यांवरच बसला.

"आता उठू नका! उभ्या मानसाले वारा ढकलते! तोंड माह्याकडं ठेवा, माह्याकडं!"

त्यानं काहीतरी उत्तर दिलं. तोंड हललेलं दिसलं, शब्द आला नाही. जन्मभर तो बोलायचा आणि ही ऐकायची. आज वाऱ्यासमोर त्याचं काही चालत नव्हतं. झोत आधी तिच्या पाठीला लागायचा, मग पाण्यावर जायचा. खळ्यावर धान्य उफणण्यात तिची जिंदगी गेलेली. वारा केव्हा दम घेतो, हे तिला पाठीवरच कळायचं.

"आला, आला! वाका! वल्हं सोडू नका!" आणि वारा पडला की, "हं, आता मारा!"

ठिपक्याचा माणूस झाला, माणसाला मिशा आल्या. मग एकदा त्याचे हात थांबले. दमला होता. फळी हळूहळू मागं सरकू लागली, आणि चतुराबाईचा आवाज चिरकला.

"इंद्रभान! तुमच्याबिगर मी काय करू? या न घरी!"

साऱ्या बायांनी ऐकलं. ऐकू दे. तिला त्या घडीला कशाचीच लाज वाटली नाही.

त्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. फळीचं तोंड सरळ तिच्याकडं झालं आणि शेवटपर्यंत हललं नाही.

काठाला लागल्यावर तो चिखलातच बसला. जाकिटाच्या आत गळ्याशी बांधलेला रुमाल त्यानं सोडला. मूठभर बोरं होती, अर्धी चेंगरलेली.

"आग लागो त्या बोराइले," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्याच्या ओल्या डोक्यावर शाल टाकून पुसत राहिली.

"काय वं," तो धापा टाकत म्हणाला, "मंगा तू काय म्हनत होती? वाऱ्यात काईच ऐकू नाई आलं मले."

वारा तर तिच्याकडून त्याच्याकडं वाहत होता. शब्दन् शब्द पोचला होता, आणि लबाडाचं मिशीतलं हसू लपत नव्हतं. एरवी तिनं चांगलं फैलावर घेतलं असतं. तिनं एक बोर तोंडात टाकलं. आंबट, गोड, दोन्ही लागलं. मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि बसलेल्या आवाजात त्याचं नाव पुन्हा एकदा घेतलं.