रुसवा पुसणारी चिप

नव्या कॉम्प्युटरला एक मेंदू असतोच, चित्रांसाठी दुसरा असतो, आणि आता खास एआयसाठी तिसरा, म्हणजे आणखी एक चिप, बसवून देतात. दुकानदार म्हणाला, "सेकंदाला चाळीस लाख कोटी गणितं! तुम्ही एडिटर लोकांनी आता नुसतं बसायचं." आमच्या घरातले मेंदू आधीच एकमेकांचं ऐकत नव्हते. म्हटलं, आणखी तीन येऊ देत, देव बघून घेईल.

पहिलं काम घरचंच होतं, बहिणीच्या लग्नाची फिल्म. त्या फिल्मची वाट नवरीपेक्षा आत्या जास्त पाहत होती. लग्नात घरच्यांचा फोटो काढताना बाबांनी शेजाऱ्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना हाका मारल्या होत्या. त्यांची सख्खी बहीण, म्हणजे आत्या, तेवढी राहिली. ती बिचारी पाहुण्यांच्या पर्सा सांभाळत दाराशी उभी होती. मग ती जाऊन बसली तिसऱ्या रांगेत आणि शेवटपर्यंत तोंड फुगवून राहिली.

बाबांचं म्हणणं, "ती रुसलीये हे मला ठाऊकच नव्हतं."

आत्याचं म्हणणं, "आंधळ्यालाही दिसलं असतं. फिल्ममध्ये येईलच. कबूल करेपर्यंत तुझ्या घरचं पाणी पिणार नाही."

म्हणून दोघांना बोलावलं माझ्या कामाच्या खोलीत. दोन पडदे, तीन खुर्च्या, भिंतींना फोम. बाहेर आवाज जात नाही, ही त्या दिवशीची मोठीच सोय.

आता कबूल करायला हवं ते एवढंच, की त्या मशीनवर 'सगळं सुंदर करा' असं बटण होतं आणि मी ते दाबलं. पूर्वी आठवडा खाणारं काम चहा निवायच्या आत झालं. मी देवाला आणि चिपला एकाच नमस्कारात उरकलं. तपासायचं मात्र राहिलं. चांगला कीर्तनकार माणसांना आधी रडवतो, मग हसवतो. चिपला एवढा वेळ कुठला! तिने सगळ्यांना सरसकट हसवलं होतं.

तिसरी रांग आली. पडद्यावर आत्या खदाखदा हसत होती.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! म्हणे रुसले होते! एवढा आनंद तर नवरीलाही झालेला दिसत नाही."

आत्या उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली. "हे दात कुणाचे?"

"तुझेच की."

"पुढचा दात पडून वर्षं झाली मला. लग्नापुरता भाड्याने आणला होता का?"

मी सांगितलं, की चिपला चेहऱ्यावरची नाराजी डाग वाटते, म्हणून ती पुसून टाकते.

"डाग?" आत्या मटकन बसली. "अख्खं लग्न तोंड फुगवून बसायला काय कष्ट पडतात, माहितीये? शेजारी विहीणबाई विनोद सांगत होत्या. चांगले होते रे! सगळं हसू गिळलं मी. आणि ह्या डबड्याने..." तिने बाबांकडे बोट दाखवलं. "आता हा मला जन्मभर हेच दाखवणार."

"दाखवणारच," बाबा म्हणाले.

आत्याने पर्स खांद्याला लावली. "येते मी. पुन्हा बोलावू नका."

मी घाईघाईने मूळ चित्रण लावलं. तीच तिसरी रांग. मिटलेले ओठ, गोळा झालेल्या भुवया. कॅमेऱ्यानेच माफी मागावी असा चेहरा.

"हा! हा माझा चेहरा!" आत्या दारातून अभिमानाने म्हणाली.

पण त्याच चित्रात पुढे बाबा होते. फिल्ममध्ये ते सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होते. सगळेच पाहत होते, कारण भटकलेल्या नजरा वळवून आणणं हीसुद्धा चिपचीच सेवा. इथे मात्र बाबांची मान एकसारखी मागे. नवरा-नवरी सह्या करताहेत, बाबा तिसऱ्या रांगेकडे. व्याह्यांचं भाषण, बाबा तिसऱ्या रांगेकडे. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर बाबांच्या सुरू.

मी चित्र तिथेच थांबवलं.

"तुला ठाऊक नव्हतं ना?" आत्याने हळूच विचारलं.

बाबा चष्मा पुसू लागले. "फोटो झाल्या झाल्या लक्षात आलं होतं."

"मग उठून यायचंस!"

"तो चेहरा बघ एकदा. कोण येईल जवळ?"

आत्या दारातून आत आली. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "ए, मागे घे. हा पहिल्यांदा वळतो तिथून लाव."

"पुरे झालं आता," बाबा पुटपुटले.

"तू गप्प बैस. त्या दिवशी तू बघत होतास, आज मी बघते."