पालथी चंद्रशिला

मी चंद्रशिला बोलतेय. विहाराच्या पायऱ्यांपाशी अर्ध्या चंद्राच्या आकाराचा दगड असतो ना, तीच. श्रीलंकेत अनुराधपुराची राजधानी भरात होती तेव्हा एका पाथरवटानं मला घडवलं. हत्ती, घोडे, बैल कोरले, मधोमध अर्धं कमळ.

"एवढं कोरलंत, आणि लोक हिला तुडवणार?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"तुडवायलाच कोरलंय. बाहेरची धूळ हिच्यावर सोडायची आणि आत जायचं."

मला ते काम फार आवडलं. राजा येवो की कुंभारीण, पाय दोघांचेही अनवाणी आणि मळलेलेच.

पुढे राजधानी उठली, रान माजलं. कधीतरी कुणी मला बैलगाडीत घालून एका खेड्यातल्या तळ्याकाठी आणलं आणि पालथं टाकलं. पाठ सपाट होती, बायकांना धुणं धुवायला बरी पडली.

मुतुमेणिके लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्या पाठीवर उभी राहून धुणं धुवायची. आधी सासूच्या नावानं बोटं मोडली, मग पोरांचे लंगोट आपटले, मग नवऱ्याचे शेतातून आलेले चिखलाचे कपडे. मनातलं सगळं मला सांगायची. दगड मध्ये बोलत नाही, हे माणसांना बरं वाटतं.

एका उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढताना गड्यांनी पहारी लावून मला उलथवलं. कमळ दिसताच मुतुमेणिके मटकन खाली बसली.

"अहो, या कमळावर मी लंगोट आपटले."

"कमळावर कुठे? पाठीवर," तिचा नवरा रणबंडा म्हणाला.

"थट्टा सुचते तुम्हाला. पापच ते."

पुरातत्त्ववाले येऊन पाहून गेले आणि मला गावच्या विहाराच्या पायरीशी बसवलं. आत जायची वाट माझ्यावरूनच. सगळे आत जायचे. मुतुमेणिके मात्र पौर्णिमेला बाहेरच उभी राहायची, चाफ्याची फुलं नवऱ्याच्या हाती द्यायची. एकदा तिनं विड्याच्या पानांची जुडी माझ्यापुढे ठेवली, नव्या वर्षाला थोरांपुढे ठेवतात तशी, आणि गुडघे टेकले. "चुकले. पोटात घाल." मला फार वाईट वाटलं. माझी सखी माझ्याच भीतीनं दाराबाहेर राहिली होती.

परवाच्या पौर्णिमेला ती शेतातून तशीच आली. म्हातारे भंते दारातच उभे होते.

"उपासिके, धुताना कपड्यांचा मळ कुठे जायचा?"

"त्या दगडावर, भंते."

"मग इथे काय वेगळं होतं?"

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पण आज पाय चिखलाचे आहेत."

"मग तर आत याच."

"चल गं, फुलं सुकली," रणबंडा मागून म्हणाला.

तिनं पाय ठेवला. भेगाळलेली टाच, डावीकडे जरा जास्त भार. माझ्या पाठीला तो पाय पाठ होता. कमळाला पहिल्यांदाच लागला. ती आत गेली आणि चिखल माझ्यापाशी राहिला.

हत्तींच्या सोंडा आता झिजल्यात. पाहुणे हळहळतात, पाय उचलून बाजूला होतात. तसं करू नका. चपला काढा आणि मळक्या पायांनी या, मी त्यासाठीच इथे आहे.