सलामीचं उत्तर

त्या रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि बाबा भिंतीशी बसून माझे नवे बूट घासत होते. त्याच आठवड्यात मी हिंगणा रोडवरच्या एका गोदामात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू होणार होते. बाबा सक्करदऱ्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर कितीतरी वर्षं गार्ड होते, त्यामुळे मला शिकवायचा हक्क त्यांचाच. गार्डाची चूक काढण्याआधी त्याचं जेवण झालं का ते विचारायचं. गेटकडे पाठ करून बसायचं नाही. आणि सलामीला उत्तर द्यायचंच. ते आल्याशिवाय गार्डाचा हात खाली येत नाही.

मग बूट बाजूला ठेवून ते उठले आणि बनियनवरच त्यांनी मला कडक सलामी ठोकली. "जय हिंद, साहेब."

मला हसू आलं.

"काहून वं, आत्तापासूनच गार्डाले विसरली का?"

"बाबा, ओली चादर आहे ना हातात."

"साहेबाच्या हातात चादर नसते. होऊ दे तुयं, मी उभा आहो."

मी चादर दोरीवर टाकली. ती आमच्या मधे आली. चिमटे लावून पलीकडे वाकून पाहिलं, तर शेजारचे नानाजी फाटकाशी आले होते आणि बाबा त्यांच्याशी बोलत होते.

सोमवारी दुपारी, ड्युटीवरच, त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

तेरवीनंतर मी रुजू झाले. गोदामाच्या गेटवर नत्थूजी होते, बाबांच्याच वयाचे. त्यांनी सलामी दिली. मी नुसती मान हलवली. नत्थूजींचा हात कपाळाशी तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांचं कोपर थरथरायला लागलं. तेव्हा कुठे मी हात उचलला, जय हिंद म्हटलं आणि जेवण झालं का ते विचारलं.

संध्याकाळी घरी आले. आई पायरीवर मेथी निवडत होती. दोरी रिकामी होती. मी वर्दीतच दोरीच्या अलीकडे उभी राहिले आणि भिंतीकडे तोंड करून सलामी दिली. आईनं मान वर केली.

"जय हिंद, बाबा," मी मोठ्यानं म्हटलं. "हात खाली घ्या आता."