खिडकी क्रमांक दोन मंदावते

"अहो ताई, पेशंट आपोआप बरा होऊन घरी जाईल, तरी तुमचा केसपेपर निघायचा नाही!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी रांग हसली.

खिडकी क्रमांक दोनच्या आत बसलेल्या ताईही हसल्या, पण नजर पडद्यावरच खिळलेली होती. नाव टाइप केलं की अक्षरं पडद्यावर एकेक करून उगवत होती, रुसलेल्या पाहुण्यांसारखी.

दवाखान्याच्या या खिडकीत त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. आधी जाडजूड रजिस्टर, मग कॉम्प्युटर. दिवसाला दोनशे केसपेपर काढणारा हात म्हणून त्यांची ख्याती होती. या सोमवारपासून मात्र जेमतेम ऐंशी निघत होते. कॉम्प्युटर विभागाला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "बंद करून चालू करा."

आज सकाळी मोठे साहेब रांगेसमोरच म्हणाले होते, "ताई, वय झालं आता. उद्यापासून जुन्या फायलींच्या खोलीत बसा. तिथे घाई नसते." मायेनं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. त्यात ताईंना स्वतःलाही तसंच वाटू लागलं होतं. परवा त्यांनी शेजारणीला तिच्या सुनेच्या नावानं हाक मारली होती.

दुपारी एक नंबरच्या खिडकीवाला डबा खायला उठला. "ताई, कुणी आलं तर माझ्या मशीनवर बघाल का जरा?"

एक गृहस्थ आले. ताई एक नंबरच्या खुर्चीत बसल्या, बोटं ठेवली आणि नाव, वय, विभाग सगळं सरसर उमटलं. अर्ध्या मिनिटात पेपर बाहेर.

"अगं बाई!" ताई मोठ्यानं म्हणाल्या.

गृहस्थ दचकले. "काय झालं? काही गंभीर आहे का?"

"छे हो! मी ठणठणीत आहे!"

एक नंबरवाला डबा खाऊन परत येताच ताईंनी त्याला गाठलं. "सोमवारी माझ्या पडद्यावर 'ब्राउझर अपडेट झाला' अशी पाटी आली होती. तुमचाही झाला का हो?"

"मी मशीन बंद करतोच कुठे? 'बंद करून पुन्हा उघडा' म्हणून सोमवारपासून मागे लागलाय. घरी बायकोचं ऐकत नाही, याचं काय ऐकू?"

ताई मात्र रोज संध्याकाळी सगळं नेमानं बंद करत. म्हणजे अपडेट त्यांच्याच मशीनवर बसला होता. त्यांनी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी कॉम्प्युटरचंच काम करायची.

"आई, साठलेला जुना डेटा पुसलास?"

"कालच पुसला. तेवढे पासवर्ड विसरला, बाकी ढिम्म."

"मग प्रायव्हेट विंडो उघड आणि तिच्यात पेपर काढून बघ."

ताईंनी उघडली. "अगं, पळतोय की!"

"मग ब्राउझर बरा आहे. त्या विंडोत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं, बंद असतात. त्यातलंच एखादं नडतंय. आता नेहमीच्या विंडोत एकेक बंद करून बघ. सगळी एकदम बंद करू नकोस, नाहीतर चोर कळायचा नाही."

एक्स्टेन्शन चार होती. जाहिराती अडवणारं बंद केलं, फरक नाही. पडद्याचा फोटो काढणारं बंद केलं, फरक नाही. तिसरं स्पेलिंग तपासणारं. ते बंद केलं आणि अक्षरं बोटांच्या मागून धावत सुटली.

ते त्यांनी स्वतःच बसवलं होतं. एकदा नावातल्या चुकीमुळे एका बाईचा रिपोर्ट दोन दिवस सापडला नव्हता, त्यानंतर. अपडेटपासून ते प्रत्येक आडनावाच्या प्रत्येक अक्षरापाशी अडून बसत होतं.

"काढून टाक ते," लेक म्हणाली.

"आणि चुका?"

"प्रत्येकाचं नाव दोनदा वाचून दाखवतेस की तू. तुला कशाला हवंय ते?"

तीन वाजता साहेब बदलीचा कागद घेऊन आले. खिडकीसमोर चारच माणसं उभी होती.

"लोक कुठे गेले?"

"पेपर घेऊन डॉक्टरांकडे गेले, साहेब." ताईंनी सगळं सांगितलं. मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, "मशीन तपासायच्या आधी आपण माझं वय तपासलं. तुम्हीही आणि मीही. पण सकाळी तुम्ही रांगेसमोर बोललात. आता तेही रांगेसमोरच सांगा."

साहेब घसा खाकरून चौघांकडे वळले. "चूक माझी होती. ताई इथेच बसणार आहेत."

"मग, जाणार कुठे होत्या?" एकानं विचारलं, आणि सगळ्यांआधी साहेबच हसले. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात टाकली.

पुढे एक आजोबा आले. नाव सांगितलं, पण जन्मसालाशी अडले. कठड्यावर बोटं मोजत पुटपुटू लागले, "थोरल्या भावाच्या मागून तीन वर्षांनी... नाही, चार..."

"आजोबा, आटपा की लवकर!" मागचा माणूस म्हणाला.

ताईंनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"आठवू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."