दारातली गाडी

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत बसून तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. "अर्धी गल्ली माझ्याच दातांनी हसते," असं तो मोठ्या ऐटीत सांगायचा.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताईच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. दिवसाआड डायलिसिसला जावं लागे आणि परतताना तिच्या पायांत त्राण उरत नसे. म्हणून त्याने अंगणाची पुढची भिंत पाडली, फरशी रस्त्याच्या पातळीला आणली आणि गाडी थेट पायरीला लावायला लागला. दाराची चौकट धरून ताई गाडीत बसायची, तशीच उतरायची. भिंत गेल्यावर लोकही कोपरा वाचवायला अंगणातून जाऊ लागले. त्याने कुणाला अडवलं नाही.

एका सकाळी वायपरखाली पालिकेची दंडाची पावती सापडली. सार्वजनिक जागेत बेकायदा पार्किंग.

"ताई, आपल्याच अंगणात आपण बेकायदा!" तो हसत म्हणाला.

ताई हसली नाही. "बाबांनी घेतलेली जागा आहे. खरेदीखत कपाटात आहे, ते घेऊन जा आणि नीट भांडून ये. नाहीतर त्यांनाच लोणी लावून आलास, असं नको व्हायला."

पालिकेतल्या खिडकीमागच्या बाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून त्यांनी कागद पाहिला, मग संगणकावरचा फोटो. "फोटोत रस्ताच दिसतोय हो."

"कारण भिंत नाहीये. पण जागा माझी आहे."

"असेल. लेखी हरकत द्या. सुनावणीला बोलावतील."

त्याने हरकत दिली. बोलावणं येईपर्यंत दुसरी पावती लागली, मग तिसरी. तिसऱ्या वेळी त्याने पावती लावणारीला गाठलं. हाताला लागलेलं साच्याचं प्लास्टर तसंच घेऊन तो बाहेर धावला. गणवेशातली तरुण मुलगी होती ती. त्याला पाहून तिचाच चेहरा पडला.

"काका, माझे बाबा तुमच्याच कवळीने जेवतात," ती म्हणाली. "पण नंबर मशीनमध्ये गेला की मला काढता येत नाही. आणि ही गल्ली सोडून पुढे गेले तर साहेब मला विचारतात."

"मग मी गाडी कुठे लावू, बाळ?"

पावती तिने वायपरखाली न ठेवता त्याच्या हातात दिली. कुणावर रागवायचं तेच त्याला कळेना.

सुनावणी घेणारे साहेब भले होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, खरेदीखत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "जागा तुमचीच आहे. त्यात वादच नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला.

"पण तिथून लोकांची ये-जा आहे. जिथे लोकांची मोकळी वाट आहे, तिथे मालक कुणीही असो, पार्किंगचा नियम लागू होतो. दंड राहील. दोन मिनिटं थांबलात तरी."

"मग मी वाट बंद करतो. साखळी लावतो."

"आता लोकांच्या वहिवाटीची झाली ना ती. साखळीला परवानगी लागेल. शेजाऱ्यांची हरकत मागवावी लागेल."

"आणि पुन्हा भिंत बांधली तर?"

"तिलाही तीच परवानगी. शिवाय मग गाडी आत कशी नेणार?"

"साहेब, माझी बहीण आजारी आहे. तिला चालवत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "मला समजतं. पण याच्या पलीकडे मला अधिकार नाहीत." आणि ते खरंच सांगत होते, हे त्याला दिसत होतं. त्यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत तर त्याने स्वतःच पाडली होती.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. ताई भडकेल, वरच्या कचेरीत जा म्हणेल, असं त्याला वाटलं. तिने आपल्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं.

"गाडी गल्लीबाहेरच्या मैदानाशी लावत जा," ती म्हणाली. "मी चालेन."

"तुला झेपणार नाही."

"मग काय करू? सांग ना तूच."



दुसऱ्या दिवशी तिच्या काखेत हात घालून तो निघाला. औषधांच्या दुकानापर्यंत ती आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. "जा, गाडी घेऊन ये," तिने हातानेच खुणावलं.

तो पळत गेला. गाडी आणून त्याने भर रस्त्यात थांबवली, दार उघडलं. मागे हॉर्न सुरू झाले. कुणीतरी ओरडलं, "अरे, रस्ता काय बापाचा आहे का?"

ताईला सीटवर टेकवून त्याने तिचा एक पाय आत घेतला. मग वाकून, दोन्ही हातांनी, दुसरा.