सारवलेलं मैदान

माझा स्वभाव तापट. मी तो लपवत नाही, कारण लपत नाही. कुरखेड्याच्या पुढे जंगलाच्या कडेला आमचं गाव आणि गावाबाहेर आमचं कॉलेज. १९८५ साली मी तिथे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या खो-खो संघाची कप्तान होते. कप्तान कशी झाले म्हणाल, तर सगळ्या पोरींत मोठा आवाज माझा होता. श्रावण सरांनी निवडीचं एवढंच कारण दिलं होतं.

श्रावण सर इतिहास शिकवायचे आणि खेळांचंही तेच पाहायचे. आजूबाजूच्या गावांत सायकलनं फिरून, आईबापांच्या हातापाया पडून त्यांनी मुलींचा संघ उभा केला होता. कॉलेज सुटलं की तासभर सराव चालायचा. घरी चूल होती, पाणी होतं, धाकटी भावंडं होती; वर्गात मान खाली घालून बसायचं होतं. त्या एका तासात मात्र मी जीव खाऊन पळायचे, घसा फुटेस्तोवर ओरडायचे आणि "इंदू, हळू" असं मला कुणीही म्हणायचं नाही. त्या तासात माझा जीव अडकला होता.

आणि तोच तास जायची वेळ आली होती. आदल्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेतला आमचा सामना ऐन धानकापणीत आला. निम्म्या पोरी धानाच्या बांधीत विळा घेऊन वाकलेल्या, संघ पुरा भरलाच नाही. समोरच्या कॉलेजला पुढे चाल मिळाली, आम्ही घरी बसून हरलो. प्राचार्य भडकले. "यंदाही सामना झाला नाही तर मुलींचा संघ बंद. जिंका, हरा, काय करायचं ते करा, पण खेळा," असं त्यांनी सरांना सगळ्यांसमोर ऐकवलं. म्हणून यंदा सरांनी खटपट करून सामना कापणीनंतर डिसेंबरात घेतला आणि तोही आमच्याच मैदानावर. पाहुणा संघ येणार होता थेट गडचांदूरकडून.

मैदान म्हणायचं आपलं. मुरमाचा माळ तो. गावात पोरांची कबड्डी असली की बैलबंडीनं माती यायची, चाळली जायची, पाणी मारलं जायचं. आमच्या वाट्याला मुरूमच. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पोरींनी तो झाडून काढला. सरांनी दोरी धरून पांढऱ्या फक्कीनं रेघा आखल्या. दोन्ही टोकांना खांब, मधोमध बसणाऱ्या आठ जणींच्या चौकोनांची रांग, बाजूच्या हद्दी, सगळं काटेकोर. घरी जाताना सर तीनदा वळून पाहत होते, इतकं ते त्यांच्या मनाजोगं झालं होतं.

सकाळी आम्ही पोहोचलो आणि मला वाटलं, आपण भलत्याच ठिकाणी आलो. मुरूम कुठे नव्हताच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मैदान शेणानं सारवलेलं, हिरवंगार, ओलंकच्च. चहूबाजूंनी रांगोळी. दोन्ही खांबांना हळदकुंकू. आणि कडेला आमच्या वस्तीतल्या आणि वरच्या टोलीवरच्या, म्हणजे वरच्या पाड्यातल्या, तीसचाळीस बाया कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन, लग्नघरच्या वऱ्हाडणींच्या तोऱ्यात उभ्या. त्यांत माझी आई अंजनाबाईही, मागे कुठेतरी. फक्कीच्या एकाही रेघेचा पत्ता नव्हता.

श्रावण सर डोकं धरून खालीच बसले.

"पाहा जी सर, कसं झालं?" वरच्या टोलीची गिरजाबाई पुढे आली. "कोंबड्याच्या बांगेले लागलो कामाले. तलावाची माती आनली, लिंपली, मंग सारवलं. कोनं तं मधात चुना सांडून ठेवला होता, तो बी पुसून काढला."

माझा भडका उडाला. तोंडाला आलं ते बोलले. "तुमाले कोनं सांगतलं होतं? इथी काय लगन लावाचं हाय? त्या रेघा होत्या रेघा! आता या चिखलात खेळाचं कसं?" बायांचे चेहरे उतरले. गिरजाबाईनं हात पदराखाली घेतले. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेणाचे हात गवताला पुसले. आई तशीही कमी बोलणारी. मी खेळते याबद्दल तिनं कधी बरं म्हटलं नव्हतं, वाईटही म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदाच ती मैदानाकडे फिरकली होती आणि आली ती अशी, या विचारानं माझं टाळकं आणखीच सणकलं.

तेवढ्यात एसटी आली. पाहुण्या पोरी उतरल्या, सगळ्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बरोबर त्यांच्या मॅडम आणि पंच. पंचांनी मैदानात एक पाऊल टाकलं, ते सरकन घसरलं आणि साहेब रांगोळीवर बसता बसता राहिले. आमच्यातली एक हसली. मी तिला चिमटा काढला, कारण हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"इथे कुणाचा पाय मोडला तर जबाबदार कोण?" पंच म्हणाले. "दुपारच्या जेवणापर्यंत वाट पाहतो. तोवर मैदान कोरडं झालं, रेघा आखल्या गेल्या तर सामना. नाहीतर पाहुण्यांना पुढे चाल. आम्हाला चारची गाडी धरायची आहे."

पुढे चाल म्हणजे आमचा संघ बंद. सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य हाताची घडी घालून उभे होते, त्यांनी सरांकडे पाहिलंच नाही.

आता काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं. आई तेवढी वस्तीकडे चालू लागली. मला वाटलं, रागावून गेली. थोड्या वेळानं ती परत आली ती हातात सूप घेऊन. मैदानाच्या कोपऱ्यात उकिडवी बसली आणि धान पाखडायच्या सुपानं जमिनीला वारा घालू लागली. गिरजाबाईनं ते पाहिलं मात्र, पदर खोचून तीही पळाली. बघता बघता सगळ्या बाया आपापल्या घरची सुपं घेऊन आल्या आणि ओळीनं बसून मैदानाला वारा घालू लागल्या. ऊन चांगलं पडलं होतं. सुपांचा फडफड फडफड आवाज, बांगड्यांचा आवाज आणि मधूनच गिरजाबाईची हाक, "पोरीहो, उभ्या काऊन राह्यल्या? घ्या ना सुपं!" आम्हीही बसलो. सर बसले. इतिहासाचे एम.ए. सूप हलवताहेत हे पाहून बाया पदर तोंडाला लावून खुसखुसू लागल्या.

पाहुण्यांना काय, झाडाखाली बसून वाट पाहिली असती तरी सामना त्यांच्याच खिशात होता. पण त्यांची कप्तान उठून आली. रंभा तिचं नाव, काळीसावळी, काटक पोर. ती बुटासकट मैदानात येऊ लागली तशी गिरजाबाई ओरडली, "अवो बाई, जोडे काढ! सारवल्यावर जोड्यानं येत असतेत का?" रंभा जागीच थांबली, वाकली, बूट काढून कडेला ठेवले आणि आईच्या शेजारी येऊन बसली. "द्या मावशी, मी घालतो वारा. तुमचा हात दुखत असन." तिच्यामागे तिचा सगळा संघ आला. त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, पण आपल्याला पुढे चाल मिळते आहे!" रंभा मान वर न करता म्हणाली, "मॅडम, आपन इतक्या लांबून खेळाले आलो ना?"

या पोरीचे उपकार मी आजही मानते. तिनं नुसतं बसून राहायचं ठरवलं असतं तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

जेवणवेळेच्या आत मैदान वाळलं. नुसतं वाळलं नाही, घोटल्यासारखं घट्ट आणि गुळगुळीत झालं. पंचांनी पाय आपटून पाहिलं, एक फेरी मारली, तीही बूट हातात घेऊन, कारण गिरजाबाई त्यांच्यावर नजर ठेवून होती. मग मान हलवली. सरांनी धावत जाऊन फक्की आणली आणि हिरव्या जमिनीवर पुन्हा रेघा उमटल्या. या वेळी बायांना नीट समजावलं, की हा चुना सांडलेला नाही.

सामना सगळ्यांनी अनवाणीच खेळला. असा सामना मी पुन्हा खेळले नाही. पायाखाली एक खडा नाही. एरवी खांबाजवळच्या गड्याला गाठायचं तर मी सूर मारण्याआधी मनात एकदा कचरायचे, त्या कचरण्यातच समोरची निसटायची. त्या दिवशी मी बेधडक सूर मारले. अंग जमिनीवरून घसरत जायचं आणि हात बरोबर पुढचीच्या पाठीला लागायचा. बाया कडेला उभ्या राहून ओरडत होत्या. कोण कुठल्या बाजूची हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्या दोन्ही बाजूंच्या पोरींसाठी सारख्याच ओरडत होत्या. गिरजाबाईला खो देणं फारच आवडलं. कुणीही उठलं की ती "खोऽऽ" करायची आणि पंच दरवेळी दचकायचे.

आम्ही एका गुणानं हरलो. शेवटचा गडी माझ्या हाताच्या बोटांपासून वीतभर लांब राहिला. त्याची मला आजही रुखरुख आहे, उगाच मोठेपणा कशाला सांगू. पण सामना झाला होता. प्राचार्य सरांजवळ आले, त्यांच्या खांद्यावरची फक्की झटकली आणि म्हणाले, "पुढल्या वर्षीचं बघा आता." सरांनी चष्मा काढून पुसला. आम्ही पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. बाया बिचाऱ्या घाबरल्या. आपल्या शेणामुळे पोरी हरल्या असंच त्यांना वाटलं.

रंभा गाडीला निघण्याआधी त्यांच्याकडे गेली. "मैदान सारवाचं कोनाच्या मनात आलं होतं?" तिनं विचारलं. बोलणी बसणार म्हणून बाया एकमेकींच्या मागे सरकल्या. शेवटी गिरजाबाईनं आईला पुढे ढकललं. रंभानं सलवार थोडी वर ओढून आपले गुडघे दाखवले. जुन्या जखमांचे व्रणच व्रण. "मावशी, आमच्याकडं मैदान म्हंजे खदानीतली गिट्टी. आज पहिल्यांदा खेळून उठलो अन् कुठीच रगत नाई. पाहुन्यायसाठी कोनी इतकं करते का?" तिचे डोळे भरून आले होते.

आई लाजली. तिला खोटं बोलता येत नाही. "पाहुन्यायसाठी नाई वो बाई," ती हळूच म्हणाली. "या माया पोरीसाठी केलं."

मी वळून पाहिलं.

"तू सलवार आपल्या हातानं धुते," आई मला म्हणाली, "पन गुडघ्यावरचा डाग पुरा निंगत नाई. दोन सालापासून पाहून राह्यली मी." घरी कळलं तर खेळ बंद होईल म्हणून मी ते गुडघे, त्या खपल्या इतक्या शिताफीनं लपवल्या होत्या की मला माझंच कौतुक वाटायचं. "एकडाव वाटलं, खेळ बंद करून टाकाव. पन खेळून येते तवा तू वाटंनं गानं म्हनत येते. दुसऱ्या कायच्यानंच तू गानं म्हनत नाई. मंग मीच या समद्यायले बोलावलं. म्हटलं, पोरीचा खेळ नाई बंद करत, जमीनच नरम करून टाकू."

ती दोन वर्षांत माझ्याशी जेवढं बोलली असेल तेवढं तिथे एकदम बोलली. सकाळी मी तिला सगळ्यांदेखत काय काय ऐकवलं होतं, आणि तिनं त्यातलं अवाक्षरही मनाला लावून घेतलं नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं. पण आमच्याकडे आईचे आभार कुणी मानत नाही, आणि तो एवढा मोठा माझा आवाज त्या वेळी कुठे गेला कोण जाणे. मी पुढे झाले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला खाली बसले, तशी तिनं मला दोन्ही दंडांना धरून अर्ध्यावरच उचललं.

"गुडघे नोको टेकू," आई म्हणाली, "दुखतीन."